शिवेवरच्या चपला

९ नोव्हेंबर २०२४

प्रिया,

हे पत्र यात्रेला ये म्हणायला न्हाई, हे आधीच सांगतो. कामाचं पत्र आहे. फोन केला असता, पण फोनवर आपलं दोघांचं जमत न्हाई हे तुलाबी माहीत आहे. मी कागदावर लिहितो, तुझी आई मोबाईलनं फोटो काढून तुला तिकडं एडिनबरोला पाठवील. म्हणजे तुझ्याआधी ती वाचणार. म्हणून तिच्याबद्दल यात काही लिहीत न्हाई.

काम असं आहे. आपल्या वाकळबाबाच्या यात्रेला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळावा म्हणून गाव अर्ज करून राह्यलंय. दर्जा मिळाला तर शिवेवरच्या बाबाच्या ओट्यापर्यंत पक्का रस्ता होतो, पाण्याची टाकी होते. अर्जासोबत बाबाचा इतिहास जोडायचा आहे. समितीचा अध्यक्ष आपला संपत. तो म्हणला, काका, तुमचा सगळा जल्म साखर कारखान्याच्या काट्याच्या टेबलावर गेला, तुम्हीच लिहा. मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतलं तर पहिल्याच ओळीला अडलो. 'श्री वाकळबाबा यांचा जन्म' एवढं लिहिलं आन चहा प्यायला उठलो. त्याला आता दहा-बारा चहा झाले.

तू आईच्या नावानं पाठवलेलं तुझं पुस्तक टीव्हीखाली पडलेलं होतं. मी काही वाचायला म्हणून काढलं न्हाई, जाळी काढता काढता हाताला लागलं. बघतो तर विषय काय, येशू ख्रिस्त नावाचा माणूस खरंच होऊन गेला का, आन त्याला पुरावा काय. म्हणलं, हे तर बराबर आपलंच काम आहे, माणूस तेवढा वेगळा. मंग बसलो डिक्शनरी घेऊन. तुझं इंग्रजी फार जड आहे, पोरी. एक एक वाक्य उसाच्या ट्रकसारखं, मागचं टोक दिसेपर्यंत पुढचं निघून जातं. सगळी दिवाळी पहिल्याच प्रकरणात गेली.

समजलं ते असं. तो जिता होता तेव्हा त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं आज सापडत न्हाई. नाणं न्हाई, शिलालेख न्हाई. पहिला लिहिणारा पौल, तोबी वीसेक वर्षांनी, आन त्यानंबी त्याला हयातीत पाह्यलेलं न्हाई. हे वाचून मी म्हणलं, संपलं की मंग, हिनं आपल्या बाबासारखा यालाबी उडवला. पण पुढच्या पानावर तू लिहिलंस की हाच पौल जेरुसलेमला जाऊन येशूच्या भावाला, याकोबाला भेटला होता, आन त्या मंडळींशी त्याचं पुढं वाजलंबी. ज्याच्या भावाला आपण भेटलो, ज्याच्या माणसांशी भांडलो, तो माणूस झालाच न्हाई असं म्हणणं अवघड आहे. तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारली. पुस्तक खराब केलं म्हणून आईला सांगू नको.

आता तुझ्याकडं मागणं एवढंच, की पुरावा कसा तोलायचा ते एका कागदावर नीट मुद्दे घालून पाठव. तू पेपरात लिहिलं होतंस की वाकळबाबा नावाचा माणूस कधी झालाच न्हाई, त्या वर्षी घरात जे बोलणं झालं ते दोन्हीकडून झालं. त्याचा या कामाशी संबंध न्हाई.

सोमेश्वर रखमाजी

(कडेला पेन्सिलीनं: दोन्हीकडून न्हाई झालं. हे एकटेच बोलले, तू बॅग भरली. जेवतीस का टायमावर? — आई)


१ डिसेंबर २०२४

प्रियास,

तुझं उत्तर मिळालं. मी मागितला होता मुद्द्यांचा कागद, आन तू पाठवलीस एक ओळ. "दादा, काट्यावर तुम्ही वजन कसं करत होतात, ते आधी मला सांगा." वाचून डोकंच फिरलं. बापाला शाळेत बसवती का काय ही? दोन दिवस उत्तर दिलं न्हाई. मंग कपाशीत गेल्तो वेचणीला, तिथं आपोआप डोक्यात चालू झालं.

तर सांगतो. अंकुशनगरला वजनकाट्यावर गाडी आधी भरलेली तोलायची. ती ऊस खाली करून आली की रिकामी तोलायची. दोन्हीतला फरक तो ऊस. नुस्त्या भरल्या गाडीकडं बघून कुणी बोलायचं न्हाई. उसाला चिखल असतो, पाचट असतं, वर दोन पोरं बसलेली असतात. त्याचं वजन धरायचं न्हाई. पण चिखल दिसला म्हणून सगळी गाडी माघारी लावायची, असंबी करायचं न्हाई. चिखलाखाली ऊस असतोच.

हे लिहिलं आन तुझं तिसरं प्रकरण उघडलं. तो योसेफस, ज्यू इतिहास लिहिणारा. त्याच्या ग्रंथात येशूबद्दल एक उतारा आहे, आन त्यात म्हणलंय की हाच तो तारणहार, हा तिसऱ्या दिवशी उठला. आता जो माणूस शेवटपर्यंत ज्यू राह्यला तो असं कशाला लिहील? मागून नक्कल करणाऱ्या कुण्या भाविकानं आपल्या पदरचं घातलं. काही लोक सगळा उतारा खरा धरतात, काही सगळा फेकून देतात. तू गाडी दोनदा तोललीस. भाविकाची भर बाजूला काढलीस आन खाली काय उरतं ते पाह्यलंस. शिवाय त्याच ग्रंथात पुढं तो याकोबाला मारल्याचं सांगतो, तिथं जाता जाता म्हणतो, येशू, ज्याला ख्रिस्त म्हणतात, त्याचा हा भाऊ. तिथं ना स्तुती, ना चमत्कार. तू म्हणतीस, असलं जाता जाता बोललेलं जास्त वजनाचं. मला एकदम पटलं. आपल्या गावात बी खरं काय ते लोक दुसरंच काही सांगताना बोलून जातात.

मंग तो रोमचा टॅसिटस. त्याला ख्रिस्ती लोक बिलकुल आवडत न्हाईत, तरी लिहितो की यांचा मूळ माणूस पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या हुकमानं मारला गेला. मी म्हणलं, घ्या, शत्रूनं साक्ष दिली, जिंकली पोरगी! आन पुढच्याच ओळीला तू लिहितीस, की कदाचित टॅसिटसनं हे ख्रिस्ती लोकांच्याच तोंडून ऐकलेलं असेल, म्हणून याचं वजन थोडं कमी धरा. प्रिया, काट्यावर मी हजारो माणसं पाह्यली. स्वतःच्या गाडीचं वजन स्वतःच्या तोंडानं कमी सांगणारा एक पाह्यला न्हाई. हे पान मी बाहेर ओट्यावर बसून वाचलं. चष्मा पुसावा लागला. धूळ फार असते इकडं या दिवसात.

आता आपल्याकडं काय आहे ते सांगतो. कागद शून्य. शिवेवर लिंबाखाली ओटा. आन आपल्या देवघरातल्या चांदीच्या पादुका. माघी पौर्णिमेला आपल्या घरचा कर्ता माणूस त्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत शिवेपर्यंत जातो, ओट्याला टेकवतो आन वाजतगाजत घरी आणतो. या मानासाठी तुझा आजा रखमाजी भोकरदनच्या कोर्टात भुजंगच्या बापाशी, म्हणजे सख्ख्या चुलत भावाशी भांडला आन जिंकला. जिंकल्यावरच पादुका चांदीत मढवल्या. तेव्हापासून भुजंग समोरून आला की आभाळाकडं बघत जातो. एवढाच माल आहे. यातून बाबा निघतो का सांग.

सोमेश्वर


२९ डिसेंबर २०२४

प्रिया बाई,

तू लिहिलंस की बाबाच्या गोष्टीत घशात अडकलेलं काय आहे ते शोधा. अडकलेलं सापडलं. पण आधी संपतचं ऐक.

संपत त्याच्या ओळखीच्या एका लेखकाकडून इतिहास लिहूनच घेऊन आला. त्यात बाबाचा जन्म राजघराण्यात, तिथीसकट. बाबा पुरातून चालत आले. बाबांनी वाघाला वाकळ पांघरली. वाघ कुठला रे, म्हणलं, आपल्याकडं रानडुकरं सोडून काही न्हाई. संपत म्हणला, काका, साध्या माणसाला कोण दर्जा देतं? तुम्ही फक्त खाली सही करा.

मला तुझं ते बेथलेहेमचं पान आठवलं. येशू नासरेथचा, असं सगळ्यांना माहीत. नासरेथ म्हणजे नकाशावर टिंब, कुणी विचारत न्हाई असं खेडं. पण जुन्या ग्रंथाप्रमाणं तारणहार तर बेथलेहेमला जन्मायला पाहिजे. मंग त्याचं चरित्र लिहिणारा मत्तय एका वाटेनं त्याला तिथं नेतो, लूक दुसऱ्याच वाटेनं, शिरगणतीचं निमित्त करून, आन दोघांचा मेळ बसत न्हाई. तू विचारलंस, माणूसच मनानं रचायचा होता तर सरळ बेथलेहेमचाच रचायचा, ही सगळी यातायात कशाला? नासरेथ गिळताबी येईना आन थुंकताबी येईना, कारण ते खरं होतं. आन क्रूसाचंबी तसंच. गुन्हेगारासारखा टांगून मारलेला तारणहार कोण मनानं तयार करील? लोक हसत होते त्यांना. तरी त्यांनी ते लपवलं न्हाई. मी काही ख्रिस्ती न्हाई, पण त्या पहिल्या मंडळींबद्दल मला फार वाटलं. आपल्या देवाची फजिती जशीच्या तशी सांगायची, हे सोपं काम न्हाई.

मंग म्हणलं, आपल्या बाबाच्या गोष्टीत अशी फजिती कोणती? सांगायला माणूस एकच उरलं आहे, चतुरा आत्या, तुझ्या आज्याची धाकटी बहीण. गेलो पिंपळगाव रेणुकाईला. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कान गेलेत, पण जीभ तशीच आहे. पहिलं तुझंच विचारलं. मी म्हणलं, बरी आहे. ती म्हणाली, तुला कसं ठाऊक, तू तर बोलत न्हाईस म्हणे. मी विषय पादुकांवर नेला. तर ती शेंगा बाजूला ठेवून हसायलाच लागली.

"पादुका कशाच्या रे? चपला त्या. आपल्याच घरानं बाबाला हाकलला शिवेबाहेर, उन्हाळ्याचा, अनवाणी. मंग वाईट वाटलं. म्हणून दर साली नवा जोड नेऊन ठेवायचा, की बाबा, घाल आन परत ये. ठेवून यायचा असतो. तुझ्या बापानं तो घरी आणून चांदीत मढवला."

मी विचारलं, कशापायी हाकलला? ते तिला माहीत न्हाई. कोणत्या साली? ते बी न्हाई. तिची आजी सांगायची, एवढंच.

प्रिया, येताना मी एसटीत एकटाच हसत होतो आन मधीच हसू बंद होत होतं. अगं, आपण वाजंत्री लावून दर साली त्या माणसाला चपला दाखवून माघारी आणून राह्यलो! आन ह्याच्यासाठी कोर्टात गेल्तो. ज्याला आपण मान समजून भावाशी वैर घेतलं, ती माफी होती.

पण बघ, घशात अडकलेलं ते हेच. स्वतःच्या घराची अशी गोष्ट कोण रचील? बाबा होता. तू चुकलीस, येशूच्या पुस्तकातली तू बराबर आहेस आन पेपरातली तू चूक. जल्दी उत्तर पाठव.

दादा


१९ जानेवारी २०२५

प्रिया बाई,

मला वाटलं होतं तू शाबास म्हणशील. तू चार प्रश्न पाठवलेस. खरं सांगतो, राग आला. आई म्हणाली, पोरगी कुणावर गेली ते बघा आरशात.

तू म्हणतीस, लाजिरवाणी गोष्ट म्हणून ती खरीच, असं एकदम धरू नका. आज आपल्याला लाज वाटते, पण ज्यानं पहिल्यांदा सांगितली त्याला वाटत होती का? एखाद्या घराला 'आम्हीच हाकललं, आम्हीच माफी मागतो' यातबी मोठेपणा वाटू शकतो. आन दुसरा साक्षीदार पाहिजे, जो पहिल्याचं ऐकून बोलत न्हाई आन ज्याला बोलून काही मिळत न्हाई.

असा माणूस गावात एकच. सुरेखा म्हणाली, जा की मंग. हे आईचं नाव आलं, आता वाचूच दे तिला. संक्रांतीला तीळगूळ घेऊन मी भुजंगच्या दारात गेलो. तो गोठ्यात होता. बराच वेळ दोघं बैलाकडंच बघत बोललो. शेवटी मी सरळ विचारलं, तुझे वडील त्या पादुकांबद्दल काय म्हणायचे? आत्याचं काहीच सांगितलं न्हाई, तू बजावलं होतंस म्हणून. भुजंगनं पेंड कालवता कालवता सांगितलं.

"आबा म्हणायचे, ते ठेवून यायचं असतं. पण वकील म्हणला, ठेवून यायचं म्हणलं तर हक्क कशावर सांगायचा? म्हणून कोर्टात बोललेच न्हाईत."

मी तिथंच दगडावर बसलो. दोघं खटला लढले, आन हरलेल्याला ठाऊक होतं की लढायला काही न्हाईच. भुजंगला हे सांगून काय मिळालं? बापाचं हसंच झालं. तरी सांगितलं. मंग त्यानं चहा ठेवायला सांगितला घरात.

आईनं तुला हे थोडक्यात कळवलं होतं, त्यावर तुझं परवाचं उत्तर आलं. तू लिहिलंस, आत्या आन भुजंग एकाच घराण्यातले, म्हणून हे दोन साक्षीदार न्हाईत, फार तर दीड धरा. (दीड! मी मोठ्यानं हसलो.) येशूच्या पुराव्याच्या पासंगालाबी हे पुरत न्हाई, त्याच्याकडं पौल आहे, याकोब आहे, ख्रिस्ती लोक न आवडणारा टॅसिटस आहे. पण कुणीतरी एक माणूस इथून हाकलला गेला आन घराला ते लागून राह्यलं, असं म्हणायला जागा आहे. त्याच्यापुढं एक पाऊल न्हाई. आन खाली लिहिलंस की 'झालाच नाही' हे मी तेव्हा न तोलता लिहिलं होतं, आता तसं लिहिणार नाही.

ती ओळ मी आईला वाचून दाखवली, मंग भुजंगला दाखवली, मंग पुन्हा मीच वाचली. एवढी शिकलेली, पुस्तक छापलेली बाई, एका म्हातारीच्या आन एका हरलेल्या माणसाच्या बोलण्यावरून आपलं छापलेलं वाक्य मागं घेते. कुणी जबरदस्ती केली न्हाई. एवढी छाती आपल्या घराण्यात कुणाची नव्हती. मला फार अभिमान वाटला, हे तुला कळावं म्हणून लिहितो, नायतर राहूनच जाईल.

आता माझं. पुढच्या रविवारी समितीसमोर इतिहास वाचायचा आहे. संपतला अंदाज आला आहे. तो म्हणला, काका, असलं वाचलं तर मान तुमच्या घरातून जाईल, रस्ताबी जाईल, आन लोक म्हणतील पोरीनं बापाला फिरवलं. मी दोन्ही कागद खिशात घालून फिरून राह्यलोय, राजघराण्याचा बी आन आपला बी. कोणता काढीन ते माझं मलाच सांगता येत न्हाई. तुला विचारीत न्हाई. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे.

दादा


१३ फेब्रुवारी २०२५

माझ्या पोरी,

काल यात्रा झाली. आधी मीटिंगचं सांगतो.

मी आपलाच कागद काढला. उभा राहून वाचला. तुला तसाच लिहून पाठवतो.

"श्री वाकळबाबा यांचा जन्म कुठं व कधी झाला ते माहीत नाही. त्यांनी चमत्कार केले की नाही ते माहीत नाही. असे कोणी एक गृहस्थ या गावात होते व आमच्या घराने त्यांना अनवाणी शिवेबाहेर घालवले, असे घरातले जुने लोक सांगत आले. याला लेखी पुरावा नाही. त्यांनी परत यावे म्हणून दर वर्षी चपलांचा जोड शिवेवर ठेवण्याची चाल होती. मध्यंतरी ती आमच्याकडून बदलली गेली."

 मंग मागून एकजण म्हणला, हे लिहून दर्जा मिळतो व्हय? संपतनं कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता फाडतो. तो म्हणला, काका, रस्ता काही मिळायचा न्हाई बघा, आन घडी घालून अर्जाला जोडला. का जोडला, मी विचारलं न्हाई. त्याच्याबी आजीनं काही सांगितलेलं असेल. अर्ज गेला आहे, निकाल लागायचा आहे.

काल सकाळी चांदीच्या पादुका देवघरातच राह्यल्या. हसनाबादच्या बाजारातून कातडी चपलांचा नवा जोड करून आणला होता. वाजंत्री लावली न्हाई. मी जोड डोक्यावर घेतला आन निघालो, तर चौकात भुजंग उभा. आभाळाकडं बघत नव्हता. त्यानं हात पुढं केला, मी एक चप्पल त्याच्याकडं दिली. दोघं म्हातारे एक एक चप्पल डोक्यावर घेऊन अनवाणी चाललो. पोरं हसली आधी, मंग मागं आली. गाव सगळं आलं बघायला. ओट्यावर जोड ठेवला, तोंडं गावाकडं करून, येणाऱ्याला घालायला सोपं पडावं म्हणून. आत्यानं सांगितलं होतं तसं म्हणलो, बाबा, घाल आन परत ये. माघारी येताना पायाला मुरूम टोचत होता. हाकललेल्याला कसं वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

तू विचारशील, बाबा खरंच होता असं आता वाटतं का? दीड साक्षीदाराएवढं वाटतं. पण चपला ठेवायला तेवढं पुरलं.

आता एक राह्यलं. बाजारात चपला करायला सांगताना मी दोन जोड सांगितले होते. दुसऱ्याचं माप आईनं दिलं, तुझी जुनी सँडल फळीवर होती. तो जोड उंबऱ्यापाशी ठेवला आहे, तोंड घराकडं करून. पहिलं पत्र यात्रेला ये म्हणायला नव्हतं. हेबी न्हाई, यात्रा तर होऊन गेली.

घाल आन ये.

तुझा दादा

(कडेला पेन्सिलीनं: जोड आणला त्या दिवसापासून रोज सकाळी स्वतः पुसून ठेवतात. मला हात लावू देत न्हाईत. — आई)